खाटेजवळची शुश्रूषा : पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या अस्थिरोग वॉर्डाविषयी

रुग्णालयांविषयी जे अभिप्राय वाचायला मिळतात, त्यांत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे कौतुक असते, बिलाबद्दलची नाराजी असते, पार्किंग, लिफ्ट आणि कॅन्टीन यांचाही उल्लेख असतो. मात्र रुग्ण दिवसरात्र ज्यांच्या हाती असतो, त्या परिचारिकांबद्दल ‘स्टाफ चांगला आहे’ यापलीकडे फारसे कोणी लिहीत नाही. डॉक्टरांचा राउंड काही मिनिटांत आटोपतो. त्यानंतर पाणी केव्हा आणि किती पाजायचे, कूस कशी बदलायची, दुखते आहे की भीती वाटते आहे हे कसे ओळखायचे, हे सारे सिस्टर, ब्रदर आणि मावशी यांच्यावर असते. हा अभिप्राय केवळ त्या कामाविषयी आहे. माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि सांध्याचा गोळा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात जनरल वॉर्डात दाखल करावे लागले. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि त्यांचा जाब व्यवस्थापनाऐवजी त्या त्या पाळीच्या सिस्टरला विचारला जाण्याची शक्यता अधिक आहे.

दाखल होतानाच पहिली परीक्षा कपड्यांची होती. सासूबाई आयुष्यभर नऊवारी नेसलेल्या; पाठीमागे नाड्या असलेला रुग्णालयाचा गाऊन अंगावर चढवायचा म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. वॉर्डातील सिस्टरने आधी पडदा ओढला, गाऊन चढवेपर्यंत अंगावर चादर राहील याची काळजी घेतली आणि कमरेखाली एक स्वच्छ सुती चादर लुगड्यासारखी गुंडाळून दिली. याला जेमतेम पाच मिनिटे लागली असतील. शस्त्रक्रियेच्या सकाळी दागिने उतरवायची वेळ आली, तेव्हाही याच जातीची समज दिसली. शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेवर चालणारे उपकरण वापरतात आणि अंगावर धातू असल्यास भाजण्याचा धोका असतो, हे सिस्टरने सासूबाईंना सोप्या शब्दांत सांगितले. ‘नियम आहे’ एवढेच सांगून मोकळी झाली नाही. मंगळसूत्र तिने स्वतः न काढता माझ्या सासऱ्यांना काढायला सांगितले आणि त्यांच्याच खिशात ठेवायला लावले. हातातल्या काचेच्या बांगड्यांकडे सासूबाई धास्तावून पाहू लागल्या, तेव्हा ती म्हणाली, “आजी, एकही बांगडी वाढवायची नाही. साबण लावून सावकाश काढू या.” तशा त्या निघाल्याही. ही सिस्टर लातूरकडची होती; हे तिला घरातूनच ठाऊक असणार. पण त्याच वॉर्डातील केरळच्या सिस्टरने, जिचे मराठी तोडकेमोडके होते, दुसऱ्या एका आजींच्या बाबतीत नेमके तसेच केलेले मी पाहिले, तेव्हा हे वॉर्डाच्या वळणातच मुरलेले असावे असे वाटले.

सर्वांत अधिक गुण मी वेदनेच्या बाबतीत देईन. मोडलेल्या खुब्याचे दुखणे पडून राहिल्यावर फारसे जाणवत नाही. ते उफाळते हलवल्यावर, म्हणजे बेडपॅन देताना, चादर बदलताना, एक्स-रेला नेताना. दुखणे शून्य ते दहा या मोजपट्टीवर सांगा, असे आजकाल सर्वच मोठ्या रुग्णालयांत विचारतात. सासूबाईंनी पहिल्यांदा उत्तर दिले, “दहा म्हणजे बाळंतपणाइतकं का?” आणि नंतर प्रत्येक वेळी एकच सांगू लागल्या : “सोसवतंय.” त्या पिढीतल्या बायकांचे हे ठरलेले उत्तर आहे आणि कागदावर ते ‘दोन’ किंवा ‘तीन’ म्हणून सहज नोंदवले जाते. येथील सिस्टरने ते तसे नोंदवले नाही. तिने चादरीची वळलेली मूठ पाहिली, नाडी मोजली, कपाळावरचा घाम पाहिला आणि डॉक्टरांना फोन करून वेदनाशामक औषधाची वेळ बदलून घेतली. त्यानंतर स्पंज आणि चादर बदलणे वेदनाशामक दिल्यानंतर अर्ध्या तासाने करायचे, असा क्रमच लावला गेला. खुब्याच्या रुग्णांसाठी एका बाजूने चपटे असलेले बेडपॅन मिळते, तेही तिने शेजारच्या वॉर्डातून मागवून घेतले. माया म्हणजे गोड बोलणे असा आपला समज असतो. ही सिस्टर फारशी गोड बोलणारी नव्हती, किंबहुना नातेवाइकांशी जरा तुटकच वागे. तरी सासूबाईंना तिच्याच पाळीत झोप लागत असे, कारण तिच्या पाळीत दुखणे डोके वर काढण्याआधीच औषध मिळत होते.

शय्याव्रणाची, म्हणजे बेडसोरची, गोष्ट याहून महत्त्वाची आहे. उताण्या पडून राहिलेल्या वृद्ध रुग्णाचे माकडहाड आणि टाचा यांवर सतत दाब पडतो, त्या जागेचा रक्तपुरवठा मंदावतो आणि काही तासांतच कातडी लाल पडू लागते. बोटाने दाबल्यावरही ती लाली गेली नाही, तर व्रणाची सुरुवात झाली असे समजतात. त्यावर मलम हा उपाय नाही. दाब काढणे हाच उपाय आहे आणि त्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. येथे दाखल केल्याच्या दिवशीच सासूबाईंची हालचाल, कातडीचा ओलावा, आहार अशा सहा गोष्टी पाहून शय्याव्रणाचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन मोजपट्टीवर गुण काढले गेले, एअर बेड लावली गेली आणि खाटेच्या पायथ्याशी कूस बदलण्याच्या वेळांचा तक्ता अडकवला गेला. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवून, दोघींनी मिळून, एकाच वेळी खांदा आणि कंबर धरून कूस वळवायची असते, कारण नवा गोळा खोबणीतून निसटण्याचा धोका असतो. टाचा हवेत राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला जाई. सासूबाई घरी परतल्या, तेव्हा त्यांच्या पाठीवर आणि टाचांवर एकही डाग नव्हता.

हे काम किती अवघड आहे आणि ते मनावर घेतले तर कुठवर नेता येते, याचा दाखला मराठी वाचकांना वेगळा द्यायला नको. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये तेथेच अमानुष हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ न देणाऱ्या केईएमच्या परिचारिकांच्या सेवेची न्यायालयाने आवर्जून दखल घेतली होती. एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, परिचारिकांच्या अनेक पिढ्या बदलत असताना, एका खाटेची शुश्रूषा अखंड चालू राहिली. तेथील प्रसंग वेगळा होता, अरुणा या त्या परिचारिकांच्या आपल्यातल्याच होत्या, हे खरे. पण कूस बदलणे, अंग पुसणे आणि भरवणे ही कामे तीच आहेत.

शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री सासूबाईंना भ्रम झाला. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांमध्ये हे बऱ्यापैकी आढळते. भूल, वेदना, अपुरी झोप, जंतुसंसर्ग, शरीरातील क्षारांची घट आणि अनोळखी जागा अशी अनेक कारणे त्यामागे असतात, आणि नातेवाईक मात्र ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणून हबकून जातात. त्या उठून बसण्याची धडपड करू लागल्या आणि म्हशीची धार काढायची राहिली आहे असे म्हणू लागल्या. म्हैस विकून बरीच वर्षे झाली आहेत. अशा वेळी हात खाटेला बांधून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. रात्रपाळीचा ब्रदर तसे काहीच करू लागला नाही. त्याने आधी ऑक्सिजनची पातळी, साखर आणि लघवीची नळी तपासली, डॉक्टरांना कळवले, मग डोळ्यांवरचा चष्मा आणि कानातले यंत्र शोधून लावायला सांगितले. “आजी, धार उद्या सकाळी काढू. आत्ता रात्रीचे दोन वाजले आहेत, तुम्ही दवाखान्यात आहात, पायाचं ऑपरेशन झालंय,” असे तो दर थोड्या वेळाने, आवाज न चढवता, त्याच शब्दांत सांगत राहिला. डोक्यावरचा मोठा दिवा बंद करून बाजूचा लहान दिवा ठेवला, सासऱ्यांना खाटेजवळ बसवून हात हातात धरायला लावले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांशी बोलून गरज नसलेली लघवीची नळीही काढून टाकली गेली, कारण तिच्यामुळे संसर्ग आणि अस्वस्थता दोन्ही वाढतात. दोन रात्रींत भ्रम ओसरला. झोपेचे इंजेक्शन देऊन रात्र निभावून नेणे त्या ब्रदरला नक्कीच सोपे गेले असते.

औषधे देताना आणि रक्त चढवताना घ्यायची काळजी नियमानुसार घेतली जात होती. त्याबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. रक्ताची पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटे सिस्टर खाटेजवळून हलली नाही, कारण विपरीत प्रतिक्रिया बहुधा त्याच वेळात दिसू लागते, आणि सलाईनच्या सुईवरच्या पट्टीवर ती लावल्याची तारीख नेहमी लिहिलेली असे, इतकेच नोंदवते.

या सगळ्यापेक्षा मला शेजारची खाट अधिक बोलकी वाटली. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. त्यांपैकीच एका खाटेवर बांधकामावर काम करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांच्याजवळ दिवसभर कोणीही नसे, मुलगा रात्री उशिरा कामावरून येई. ज्याच्यामागे विचारणारे कोणी नाही, त्याला रुग्णालयात काय मिळते, यावरून तेथील आस्था मोजावी असे माझे मत आहे, कारण आमच्यासारख्यांच्या खाटेजवळ कोणी ना कोणी डोळे लावून बसलेले असते. त्या मावशींना जेवण सिस्टर किंवा वॉर्डातील मावशी भरवत. डोक्यात जटा होऊ लागल्या, तेव्हा एका शिकाऊ मुलीने तेल लावून केस विंचरले आणि वेणी घातली. तेल घरून आणलेले होते, रुग्णालयाच्या भांडारातले नव्हते, हे मी विचारून घेतले.

आता तक्रारी. पहिली तक्रार संध्याकाळच्या एका पाळीविषयी आहे. सासूबाईंना लघवीची जाणीव होती, ताबा होता आणि बेडपॅन मागण्याइतके भानही आले होते. त्यांनी ते मागितल्यावर त्यांना उत्तर मिळाले, “डायपर लावलाय ना आजी, त्यातच करा.” ज्या बाईने गाऊनची नाडी सुटू नये म्हणून रात्रभर ती मुठीत धरून ठेवली, तिला सहा जणींच्या खोलीत हे मोठ्या आवाजात सांगितले गेले. त्यांनी त्यात केले नाही. रोखून धरले आणि त्यानंतर पाणी पिणेच कमी केले. वृद्ध रुग्णाने पाणी तोडले की मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता आणि भ्रम यांचा धोका वाढतो. म्हणजे हा केवळ शब्दांनी मन दुखावण्याचा मामला नव्हता. सकाळच्या सिस्टरने द्रवपदार्थांच्या तक्त्यावर आकडे घसरलेले पाहून कारण विचारले, तेव्हा कुठे ही गोष्ट उघड झाली. तिने डायपर काढून टाकला आणि तशी सूचना तक्त्यावर लिहून ठेवली.

संध्याकाळच्या त्या मुलीला एकटीला दोष देणे मला पटत नाही, आणि येथेच माझी दुसरी, अधिक गंभीर तक्रार आहे. तीसएक खाटांच्या त्या वॉर्डात सकाळी पुरेशा सिस्टर दिसत, संध्याकाळी त्या रोडावत आणि रात्री दोघांवर सारा वॉर्ड असे. सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, आणि वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक, असे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेने सुचवलेले आहे. रजेवर जाणाऱ्यांच्या जागी आणखी तीस टक्के मनुष्यबळ राखीव असावे, असेही त्यात अपेक्षित आहे. पंधरा रुग्णांमागे एक सिस्टर असेल, तर दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलण्याचे गणित कागदावरही बसत नाही, कारण कूस बदलायला दोघे लागतात आणि त्या वेळात उरलेल्या एकोणतीस जणांसाठी कोणीच उरत नाही. बेल वाजवल्यावर रात्री कोणी यायला कधी कधी एवढा वेळ लागे की शेजारच्या खाटांवरचे नातेवाईकच एकमेकांच्या रुग्णांना बेडपॅन देत. बिलात मात्र ‘नर्सिंग चार्जेस’ ही ओळ दर दिवसाला सारख्याच रकमेची होती. या ओळीत नेमके काय विकत मिळते, किती सिस्टर, किती वेळा, याचा खुलासा बिलात नव्हता. बिलाच्या खिडकीवर विचारला तर मिळालाही नाही. औषधाच्या प्रत्येक गोळीचा आणि हातमोज्यांच्या प्रत्येक जोडीचा हिशेब देणाऱ्या रुग्णालयाला हे सांगणे अवघड नसावे.

या तुटवड्याची भरपाई नातेवाइकांकडून करून घेतली जाते, आणि ती इतकी गृहीत धरलेली असते की दाखल करतानाच ‘रात्री बाई माणूस थांबेल ना?’ असे विचारतात. ज्यांना थांबणे शक्य नसते, त्यांना बारा तासांच्या पाळीने खासगी आया लावावी लागते. तिचे पैसे वेगळे आणि तिचे प्रशिक्षण कोणी तपासलेले नसते. आमच्यासमोर एका आयाने खुब्याच्या रुग्णाला एकटीनेच काखेत धरून उचलण्याचा प्रयत्न केला, आणि सिस्टर धावत आली म्हणून पुढचा अनर्थ टळला. दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिवशी, परिचारिकांना ‘देवदूत’ म्हणणारे फलक रुग्णालयांच्या प्रवेशद्वारांवर लागतात. त्या फलकांच्या खर्चात पाळ्या भरून निघणार नाहीत हे मान्य. पण देवदूत म्हटले की माणसांची संख्या मोजावी लागत नाही, ही त्यातली सोय आहे.

नातेवाइकांविषयीही लिहिले पाहिजे. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यातील स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली, तेव्हा हे काम हलके मानले जात होते. तीन-चार वर्षांचे शिक्षण आणि परिषदेकडील नोंदणी असलेल्या सिस्टरला चुटकी वाजवून बोलावणारे, सलाईन संपल्यावर ‘ए’ अशी हाक मारणारे लोक आजही त्या वॉर्डात होते. त्याच सिस्टरकडून आपल्या आईशी मृदू बोलण्याची अपेक्षा मात्र ते ठेवत होते.

एकंदरीत, सकाळच्या पाळीला मी पाचांपैकी पाच गुण देईन, रात्रपाळीला तेथील ब्रदरसाठी चार आणि तिथल्या मनुष्यबळासाठी एक. संध्याकाळच्या पाळीबद्दल वर लिहिलेच आहे. येथे वृद्ध रुग्णाला दाखल करू इच्छिणाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या खर्चासोबत रात्री वॉर्डात किती सिस्टर असतात हेही विचारावे, चष्मा, कानातले यंत्र आणि कवळी घरी ठेवू नये, आणि रुग्ण स्वतः बेडपॅन मागू शकत असल्यास डायपर नको असे इनचार्ज सिस्टरना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. लेखी सूचनांची ते दखल घेतात. डायपरविषयीच्या माझ्या पत्रानंतर मेट्रन स्वतः येऊन सासूबाईंशी बोलून गेल्या आणि मराठीत, खुर्ची ओढून, शांतपणे बोलल्या.

सर्वांत उपयुक्त ठरले ते घरी सोडण्याआधीचे प्रशिक्षण. वॉकर घेऊन आधी कोणता पाय टाकायचा, पाटावर किंवा मांडी घालून का बसायचे नाही, भारतीय पद्धतीच्या संडासावर कमोड खुर्ची कशी ठेवायची, रक्त गोठू नये म्हणून दिलेले इंजेक्शन पोटाच्या कातडीत कसे टोचायचे, हे सिस्टरने मला आणि सासऱ्यांना आमच्या हातून करवून घेतले; नुसते दाखवून ती थांबली नाही. एवढे असूनही डिस्चार्जचा कागद सर्वस्वी इंग्रजीत होता आणि माझ्या सासऱ्यांना तो वाचता येत नव्हता. सिस्टरने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गोळ्यांच्या वेळा मराठीत लिहून दिल्या : पांढरी लहान, नाश्त्यानंतर, पिवळी, रात्री झोपताना, पायाला सूज आली किंवा पोटरी दुखू लागली, तर वाट न पाहता फोन. हा मजकूर तिला प्रत्येक रुग्णासाठी हाताने लिहावा लागतो. तो मराठीत छापून देण्याचे काम रुग्णालयाने आपल्याकडे घ्यावे, अशी सूचना मी अभिप्रायाच्या पेटीत टाकली आहे, आणि येथेही नोंदवत आहे.